एन्ट्रन्स हुकली, कोरणी गवसली

शाळेतली इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा आठवतेय? टेबलावर एक तांब्या, शेजारी दोन कांदे, मागे मुद्दाम चुण्या पाडलेला कपडा. समोर जे मांडलंय ते जसंच्या तसं काढायचं, त्याचं नाव स्थिरचित्र. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते दहावीच्या वाढीव मार्कांसाठी उरकलं असेल. नंतर तांब्या स्वयंपाकघरात परत गेला, कांदे भाजीत पडले आणि विषय संपला.

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, तो माणूस मात्र आयुष्यभर फिरून फिरून असल्याच वस्तूंपाशी येत राहिला. झाडाचं पान, सुतळीचा तुकडा, माशाचा पर. आणि शेवटी शेवटी तर त्याने पानाचं चित्र काढणंच सोडलं. सरळ पानालाच रंग लावला आणि ते कागदावर दाबलं. त्याचं नाव कोशिरो ओंची. जन्म टोकियोतला, २ जुलै १८९१चा. जपानच्या आधुनिक मुद्राचित्रकलेचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. आणि गंमत म्हणजे, घरच्यांचं ऐकून सगळं नीट झालं असतं तर तो डॉक्टर झाला असता.

वडिलांचा प्लॅन

ओंचीचं घर वरच्या वर्तुळातलं. वडील राजघराण्याच्या सेवेत, राजपुत्रांच्या शिक्षणाशी संबंधित. म्हणजे घरातली शिस्त कशी असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता. मुलगा डॉक्टर होणार हे ठरलेलं होतं. त्या काळी जपानमध्ये वैद्यकशास्त्र जर्मन भाषेतून शिकत, म्हणून त्याला शाळाही जर्मन शिकवणारी शोधली. त्यापुढची पायरी होती टोकियोची फर्स्ट हायर स्कूल. तिथे प्रवेश मिळाला की पुढचा रस्ता मोकळा.

१९०९मध्ये ओंची त्या प्रवेश परीक्षेत नापास झाला.

नीट आणि जेईईच्या निकालाच्या दिवशी घरात कशी शांतता पसरते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण त्याच वर्षी ओंचीच्या हातात एक पुस्तक आलं. ताकेहिसा युमेजी हा त्या वेळच्या तरुण पोरापोरींचा लाडका चित्रकार. त्याचा चित्रसंग्रह पाहून ओंचीने त्याला पत्र लिहिलं आणि ओळख झाली. युमेजी स्वतः कुठल्या आर्ट स्कूलमध्ये घडलेला नव्हता. चित्र काढणं हेही जगण्याचं काम असू शकतं, हे ओंचीने पहिल्यांदा जवळून पाहिलं ते त्याच्याकडे.

१९१०मध्ये ओंची टोकियोच्या सरकारी कला विद्यालयात दाखल झाला. आधी पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला, मग शिल्पकला, मग परत चित्रकला. शेवटी तेही सोडलं. म्हणजे मेडिकल हुकलं आणि आर्ट स्कूलही अर्धवट. विशीतल्या ओंचीचा सीव्ही आज कुणी पाहिला तर बाजूलाच ठेवेल.

चौघांचं काम एकट्याने

इथे थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, नाहीतर ओंचीने केलं काय ते कळणार नाही.

होकुसाईची ती प्रचंड लाट तुम्ही मोबाइलच्या वॉलपेपरवर, टीशर्टवर, मगवर पाहिलेली आहे. ते लाकडी ठोकळ्यावरून छापलेलं चित्र आहे. पण होकुसाईने स्वतः लाकूड कोरलं नव्हतं आणि छापलंही नव्हतं. जुन्या उकियो-ए पद्धतीत कामाची चोख वाटणी असे. प्रकाशक पैसा लावायचा आणि विषय ठरवायचा, चित्रकार रेखाटन द्यायचा, कोरणारा लाकूड कोरायचा आणि छापणारा रंग चढवून छापायचा. चौघंही आपापल्या कामात तरबेज. यातून अप्रतिम चित्रं निघाली, पण त्यात चित्रकार हा चौघांपैकी एक होता.

१९०४मध्ये यामामोतो कानाए नावाच्या तरुणाने एका मच्छीमाराचं लहानसं चित्र स्वतः काढलं, स्वतः कोरलं आणि स्वतःच छापलं. आज ऐकायला साधं वाटतं, पण तिथून एक चळवळ सुरू झाली. तिचं नाव सोसाकु हांगा, म्हणजे सर्जनशील मुद्राचित्र. नियम एकच होता. रेखाटन, कोरणं आणि छापणं, तिन्ही कलावंताच्या हातचं असलं पाहिजे.

हे काम किती किचकट असतं बघा. चित्र लाकडावर उलटं उतरवायचं. जे छापायचं नाही ते कोरून काढायचं. एका रंगाला एक ठोकळा, म्हणजे पाच रंग असतील तर साधारण पाच वेळा कोरकाम. प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यात कागद टेकवायला खाच करायची, नाहीतर रंग सरकतात. मग ब्रशने रंग लावायचा, ओलसर कागद ठेवायचा आणि बारेनने, म्हणजे बांबूच्या आवरणात गुंडाळलेल्या तळहाताएवढ्या चकतीने, पाठीमागून घासायचं. दाब कमी पडला तर रंग फिका उठतो. जास्त पडला तर फासला जातो.

आता प्रश्न असा की हे सगळं एकट्याने करायचं तर चित्र कशाचं काढायचं? जुन्या चित्रांत नाटकातले नट होते, सुंदर बायका होत्या, प्रसिद्ध जागा होत्या, कारण प्रकाशकाला ते विकायचं होतं. फुलंपाखरंही होती. सुरिमोनो नावाच्या खास शुभेच्छापत्रांवर तर वस्तूंची सुरेख मांडणीही असायची. पण सोसाकु हांगावाल्यांना गिऱ्हाईकच नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाइकाची भीतीही नव्हती. ते आपल्या खोलीत बसले आणि समोर दिसेल ते कोरायला लागले. फुलदाणी, फळं, दिवा, बाटली. उत्सुनोमिया गावात कावाकामी सुमिओ नावाचा इंग्रजीचा शिक्षक शाळा सांभाळून काचेचे दिवे आणि परदेशी वस्तू लाकडात कोरत बसायचा. स्थिरचित्र हा या लोकांसाठी परीक्षेचा पेपर नव्हता. टेबलावरची वस्तू हलत नाही, घाई करत नाही आणि मानधन मागत नाही. कोरायला शिकणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

तीन मित्र आणि चंद्राचा उजेड

कला विद्यालयाने ओंचीला पदवी दिली नाही, पण दोन मित्र दिले. तानाका क्योकिची आणि फुजिमोरी शिझुओ. तिघंही विशी ओलांडलेले. १९१४मध्ये त्यांनी स्वतःचं एक मासिक काढायचं ठरवलं. नाव ठेवलं त्सुकुहाए, म्हणजे चंद्राचा उजेड. आधी फक्त तिघांपुरत्या हाताने केलेल्या प्रती निघाल्या. मग सप्टेंबर १९१४पासून एका प्रकाशकाच्या मदतीने प्रत्येकी २०० प्रतींचे अंक छापले जाऊ लागले. त्यात तिघांच्या कविता आणि तिघांची काष्ठछाप चित्रं.

पण या मासिकावर पहिल्यापासून एक सावली होती. तानाकाला क्षयरोग झाला होता. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. तानाका वाकायामाला आपल्या गावी गेला आणि तिथून काम पाठवत राहिला. पुढे कोरणी धरायचीही ताकद राहिली नाही, तेव्हा तो कागदावर नुसती रेखाटनं करू लागला. ऑक्टोबर १९१५मध्ये तो गेला. वय वर्षं २३. त्सुकुहाएचा सातवा अंक नोव्हेंबरमध्ये निघाला आणि तोच शेवटचा ठरला.

तुम्ही आणि तुमच्या ग्रुपने कॉलेजात एखादं मासिक, एखादा बँड, एखादी एकांकिका उभी केली असेल, तर तिघांतला एक असा मध्येच गेल्यावर मागे काय उरतं याची थोडी कल्पना करता येईल.

त्याच १९१५ सालात ओंचीने एक छोटं चित्र केलं. त्यात ना माणूस, ना झाड, ना फुलदाणी. नुसते आकार आणि रंग. त्याचं नाव उजळ वेळ अशा अर्थाचं आहे. जपानमधल्या अगदी सुरुवातीच्या अमूर्त चित्रांत ते गणलं जातं. याला एक निमित्तही होतं. १९१४च्या मार्चमध्ये टोकियोत युरोपातल्या नव्या काष्ठछाप चित्रांचं एक प्रदर्शन भरलं होतं आणि त्यात कान्डिन्स्कीसारख्यांचं काम होतं. पण ज्याचा जवळचा मित्र दिवसेंदिवस खंगत होता अशा माणसाने त्या वर्षात उजेडाचं चित्र करावं, हे निव्वळ प्रदर्शनामुळे झालं असेल असं मला वाटत नाही.

तानाकाचं एक काम अपुरं राहिलं होतं. हागिवारा साकुतारो या कवीने आपल्या पहिल्या कवितासंग्रहासाठी त्याच्याकडे चित्रं मागितली होती. ओंचीने ते काम हातात घेतलं. तानाकाची मागे राहिलेली रेखाटनं आणि आपली चित्रं मिळून त्याने १९१७मध्ये ते पुस्तक उभं केलं. चंद्राकडे पाहून भुंकणाऱ्यावरून नाव ठेवलेला हा संग्रह आधुनिक जपानी कवितेतला मैलाचा दगड मानतात. मित्राचं ऋण फेडता फेडता ओंचीला दोन गोष्टी मिळाल्या. एक कवी मित्र आणि एक पोटापाण्याचा धंदा.

पुस्तकांवर घर चाललं

धंदा म्हणजे पुस्तकांची मांडणी. काष्ठछाप चित्रांवर घर चालणं शक्यच नव्हतं. १९१६मध्ये लग्न झालं होतं, संसार वाढत होता. ओंचीने मुखपृष्ठं, अक्षररचना, बांधणी अशी कामं घेतली आणि आयुष्यभरात सुमारे हजार पुस्तकं सजवली. त्यातही हौस भागवून घेतली. १९२८मध्ये त्याला विमानात बसायला मिळालं. त्या अनुभवावर त्याने १९३४मध्ये स्वतःच्या कविता, मुद्राचित्रं आणि फोटो एकत्र गुंफून एक आख्खं पुस्तक केलं. त्या काळात विमानातून उतरलेली माणसं फुशारकी मारत, याने पान कसं मांडायचं याचा विचार केला!

कॅमेराही त्याच्या हातात होता. झाडाची पानं, किडे, शंखशिंपले यांचे अगदी जवळून फोटो काढायचा त्याला नाद होता. आज तुम्ही फोन मॅक्रो मोडवर टाकून जे करता, तेच. पण या जवळून पाहण्याचा उपयोग पुढे होणार होता.

दरम्यान चळवळही मोठी होत होती. १९१८मध्ये सोसाकु हांगावाल्यांची संघटना झाली आणि १९१९च्या जानेवारीत टोकियोच्या मित्सुकोशी या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये पहिलं प्रदर्शन भरलं. १९२७मध्ये सरकारी वार्षिक प्रदर्शनाने मुद्राचित्रांना दार उघडलं. १९२३च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं टोकियो पुन्हा उभं राहत होतं, तेव्हा ओंचीसह आठ कलावंतांनी मिळून नव्या शहराची १०० चित्रं कोरली. आणि १९३५मध्ये, ज्या कला विद्यालयातून ओंची अर्धवट बाहेर पडला होता, तिथेच मुद्राचित्राचा वर्ग सुरू झाला.

१९४३

इथपर्यंतची गोष्ट सांगायला सोपी आहे. आता अवघड भाग.

१९३९मध्ये ओंची लष्कराच्या वतीने चीनमध्ये गेला, युद्धचित्रकार म्हणून. जपान तेव्हा चीनमध्ये काय करत होता हे तुम्ही इतिहासात वाचलंय. १९४३मध्ये देशासाठी सेवा म्हणून मुद्राचित्रकारांची जी संस्था उभी राहिली, तिचं प्रमुखपदही त्याच्याकडे होतं. अशा संस्थेत असलं तर कागद आणि रंग मिळत, बाहेर राहिलं तर काम बंद. हे कारण खरं आहे. पण कारण खरं असलं म्हणून त्या युद्धाला लागलेला हातभार पुसला जात नाही. आवडत्या माणसाच्या आयुष्यातली अशी पानं आपण पटकन उलटून टाकतो. तसं करू नये.

त्याच १९४३ सालात त्याने आणखी दोन गोष्टी केल्या. एक, किडे, मासे आणि शिंपले यांच्यावरचं लहानसं पुस्तक. आख्खा देश युद्धनौका मोजत होता आणि हा गृहस्थ शिंपल्याकडे बघत होता. दोन, एक चेहरा. हागिवारा साकुतारो १९४२च्या मे महिन्यात वारला होता. ओंचीने त्याचं व्यक्तिचित्र कोरलं. पिंजारलेले केस, सुरकुत्यांनी भरलेला, थकलेला, आतून काहीतरी कुरतडत असलेला चेहरा. त्या वर्षी हव्या असलेल्या वीरांच्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. ओंचीने त्याचे मोजकेच ठसे काढले, पुढे शिष्यांनी काही काढले. आज विसाव्या शतकातलं जपानचं सर्वांत नावाजलेलं मुद्राचित्र म्हणून अनेक जण त्याचंच नाव घेतात.

तीन कामं, एकच वर्ष, एकच माणूस. यातला खरा ओंची कोणता, असा प्रश्न पडला तर उत्तर एकच, तिन्ही.

घरी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तरुण मुद्राचित्रकार जमायचे. हा कट्टा १९३९पासून सुरू होता आणि युद्धातही तुटला नाही. कागद मिळेना, लाकूड मिळेना, तरी एकमेकांचं काम पाहायचं आणि शेकून काढायचं. १९४४ ते १९५० या काळात या मंडळींनी आपल्या चित्रांचे सहा संच काढले. सगळे सभासद आपापली चित्रं आपल्या हाताने छापून द्यायचे.

पानच झालं ठोकळा

युद्ध संपलं तेव्हा ओंची चोपन्न वर्षांचा होता. टोकियो राखेत होतं. लोकांना खायला नव्हतं, तिथे चित्रं कोण घेणार? आणि नेमकं तेव्हाच त्याने आयुष्यातलं सर्वांत धाडसी काम सुरू केलं. ओळखू येणारी चित्रं जवळपास सोडून तो पूर्णपणे अमूर्ताकडे वळला.

आणि इथे ते पान परत येतं. ओंचीच्या लक्षात आलं की ठोकळा लाकडाचाच हवा असं थोडंच आहे? ज्याला रंग लागतो आणि जे कागदावर दाबता येतं, ते सगळं ठोकळाच. मग त्याने कागदाचे कापलेले तुकडे वापरले. कापड वापरलं, त्याची वीण उमटली. दोरा वापरला, त्याचा पीळ उमटला. माशाचे पर वापरले. झाडाची पानं वापरली, त्यांच्या शिरान् शिरा कागदावर आल्या. १९५३चं पान आणि ढग या विषयावरचं त्याचं चित्र आहे. काव्य या नावाने तो एक मालिका करत होता, त्यातलं ते २२वं.

जरा विचार करा. स्थिरचित्रात आपण काय करतो? वस्तू समोर ठेवतो आणि ती दुरून पाहतो. सावली कुठे पडली, कड कुठे वळली. वस्तू टेबलावरच राहते, कागदावर येतं ते तिचं सोंग. ओंचीने मधलं अंतरच काढून टाकलं. पान स्वतःच कागदाला भेटून गेलं. तरीही ते पानाचं चित्र राहिलं नाही, कारण शेजारी ढगासारखा एक रंग आला, एक आकार आला आणि बघणाऱ्याला पानापेक्षा वेगळंच काहीतरी जाणवलं. टेबलावरची वस्तू आणि मनातली भावना, या दोन टोकांमध्ये तो चाळीस वर्षं येरझारा घालत होता. ती दोन टोकं इथे जुळली.

यात एक तोटाही होता. लाकडी ठोकळ्यावरून शेकडो प्रती निघतात. पान किती वेळा टिकणार? पण ओंचीला प्रतींचा सोस नव्हताच. अनेक चित्रांचे त्याने हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच ठसे काढले. झालं, मनासारखं आलं, की पुढचं चित्र.

जपानमध्ये त्याला गिऱ्हाईक नव्हतं. ते मिळालं अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकी फौजांबरोबर जपानमध्ये आलेल्यांपैकी विल्यम हार्टनेट, ऑलिव्हर स्टॅटलर अशा काही जणांना या चित्रांनी वेड लावलं. त्यांनी ती विकत घेतली, जपली, लोकांना दाखवली. म्हणूनच ओंचीचं बरंचसं उत्तम काम आज शिकागो, बॉस्टन, होनोलुलू इथल्या संग्रहालयांत आहे. १९५१मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो इथल्या पहिल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात साइतो कियोशी आणि कोमाई तेत्सुरो या दोन जपानी मुद्राचित्रकारांना बक्षिसं मिळाली, तेव्हा कुठे मायदेशातही लोक या कलेकडे वळून पाहू लागले. साइतो हा पहिल्या गुरुवारच्या कट्ट्यावरचाच गडी.

३ जून १९५५ रोजी ओंची गेला. जपानच्या आधुनिक मुद्राचित्रांवरचं स्टॅटलरचं पुस्तक दुसऱ्या वर्षी आलं आणि जगाला हे नाव माहीत झालं. ते पाहायला तो नव्हता.

आता तुमची पाळी

नापास झालात तरी घाबरू नका, ओंची बघा, असा संदेश देऊन मी लेख संपवू शकतो. पण तो अर्धवट ठरेल. ओंची नापास झाला म्हणून मोठा झाला नाही. त्याच्याबरोबर त्या वर्षी कितीतरी मुलं नापास झाली असतील. त्याने पुढे एकच गोष्ट चिकाटीने केली. काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताखालून घातलं. त्यामुळे काय हुकलं, कुठे हुकलं, हे त्याला नेहमी स्वतःला कळायचं. आज एक प्रॉम्प्ट टाकला की दहा चित्रं तयार होतात. ती वाईट असतील असं नाही. पण त्यातलं कोरणं आणि दाबणं दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं.

करून बघायला फार काही लागत नाही. या रविवारी कॉलनीतल्या झाडाचं एक पान उचला. पिंपळाचं घ्या, त्याच्या शिरा छान उमटतात. पाठच्या बाजूला ब्रशने पोस्टर कलर लावा, अगदी पातळ. वर थोडा ओलसर कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने सावकाश घासा. पहिला ठसा बिघडेल, रंग जास्त झालेला असेल. दुसराही बहुतेक बिघडेल. तिसऱ्याला शिरा दिसायला लागतील.

मग त्या पानाच्या शेजारी काय यायला हवं, ते तुम्ही ठरवा.